कर्णधाराला जाऊ द्यायला हवं होतं का? (एसेंडन, मेरेट आणि ट्रेडचा घोळ)

बॉम्बरबंड्या | १६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

काल संध्याकाळी साडेसातला ट्रेडची मुदत संपली आणि झॅक मेरेट अजून आमचाच, म्हणजे एसेंडनचाच आहे. खरं तर पेढे वाटायला हवेत. पण रात्री जेवताना घरात कोणी कोणाशी बोललं नाही.

इथले बरेच जण फूटीच्या वाटेला जात नाहीत, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या लीगमध्ये १८ क्लब. जो तळाला, त्याला नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये अठरा वर्षांच्या पोरांतून पहिली निवड. त्याआधी ऑक्टोबरात क्लब आपापसांत खेळाडू आणि या 'निवडी' यांची अदलाबदल करतात. रोकडा मोजून खेळाडू विकत घेता येत नाही, त्यामुळे 'पिक नंबर दहा' हेच इथलं चलन. करार चालू असलेल्या खेळाडूला हलायचं असेल तर तो स्वतः, त्याचा क्लब आणि नवा क्लब, तिघांची सही लागते.

मेरेट तीस वर्षांचा, आमचा कर्णधार, करार २०२७ अखेरपर्यंत. हंगाम संपल्यावर म्हणाला, मला हॉथॉर्नला जायचंय. हॉथॉर्नने पहिल्या फेरीच्या दोन निवडी पुढे केल्या, वर थोडं काहीबाही. आमच्या लोकांनी शेवटच्या मिनिटापर्यंत मान हलवली नाही.

आता आमची अवस्था. यंदा २३ पैकी ६ सामने जिंकले, क्रमांक १५ वा. दुखापती इतक्या की डझनभराहून जास्त पोरांचं पदार्पण एकाच हंगामात उरकावं लागलं. फायनल्समधला (हंगामाअखेरच्या बाद फेरीतला) शेवटचा विजय २००४ चा. मी मेलबर्नला उतरलो २००६ मध्ये. म्हणजे मी आल्यापासून या क्लबने फायनल्समधला एकही सामना जिंकलेला नाही, आणि या दोन गोष्टींचा संबंध आहे असं बायकोचं ठाम मत आहे.

माझं म्हणणं: जाऊ द्यायचं होतं. संघ वर येईल तेव्हा मेरेट चौतिशीत असेल आणि त्या दोन निवडींतून आलेली पोरं बाविशी-तेविशीत. हिशोब सरळ आहे. चुकत असेन तर सांगा.

क्रेगीबर्नची_मावशी | १६ ऑक्टोबर, रात्री १०.०५

वाचतेय. फूटीतलं ओ की ठो कळत नाही, पण धाकटा ऑसकिकला (लहान पोरांच्या फूटीच्या वर्गाला) जातो म्हणून सकाळी सकाळी मैदानाच्या कडेला कुडकुडत बसते, तेवढाच अधिकार. एक शंका. ज्याने 'मला इथून जायचंय' असं जगासमोर सांगितलं, तो आता त्याच पोरांपुढे कर्णधार म्हणून उभा राहून बोलणार काय?

बॉम्बरबंड्या | १६ ऑक्टोबर, रात्री १०.११

मावशी, तुम्हाला फूटी कळते.

सन_८३ | १६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

बंड्या, तू २००६ चा. मी १९८३ चा. आलो त्याच वर्षी शेजाऱ्याने ग्रँड फायनल दाखवायला नेलं. हॉथॉर्नने आपल्याला ८३ गुणांनी धुतलं. त्र्याऐंशी साली त्र्याऐंशी. माझ्या बाजूला बसलेला म्हातारा रडत होता आणि मला नियमसुद्धा कळत नव्हते. पुढच्या वर्षी त्याच हॉथॉर्नला हरवून आपण जिंकलो, त्याच्या पुढच्या वर्षी परत. २००४ मध्ये तर दोन्ही संघ मैदानावर अक्षरशः गुद्द्यांवर आले होते. आपला कर्णधार द्यायचा तर सतरा क्लब पडलेत. हॉथॉर्न? छे.

हे भावनेचं झालं. आता अनुभवाचं. २००० साली आपण अख्ख्या हंगामात एक सामना हरलो. एक! त्यानंतर क्लबच्या एकूण पगारावरची मर्यादा आड आली आणि त्या संघातली माणसं एकेक करून बाहेर गेली. हार्डविक पोर्ट अ‍ॅडलेडला गेला, २००४ मध्ये तिथे प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. कॅरासेला ब्रिस्बेनला गेला, २००३ मध्ये जिंकला. पुढे त्याच हार्डविकने कोच म्हणून रिचमंडला तीन प्रीमियरशिप मिळवून दिल्या. आपण काय मिळवलं ते तू आल्यापासून बघतोयस.

हॉक_हेमंत | १६ ऑक्टोबर, रात्री ११.२०

हॉथॉर्नवाल्याचा नमस्कार. जुन्या जखमांवर मीठ चोळायला आलेलो नाही (थोडासा आलोय).

आमच्याकडचं सांगतो. २०१३, १४, १५ अशा सलग तीन प्रीमियरशिप. २०१६ संपताच सॅम मिचेलला वेस्ट कोस्टला पाठवलं आणि जॉर्डन लुईसला मेलबर्नला. लोकांनी सदस्यत्वाची कार्डं कापायची भाषा केली होती. बदल्यात निवडींच्या रूपाने जवळजवळ काहीच आलं नाही, पण पगाराची जागा मोकळी झाली. मग २०२२ मध्ये तोच सॅम मिचेल कोच म्हणून आमच्याकडे होता, आणि त्याने काय केलं? टॉम मिचेल, म्हणजे २०१८ चा ब्राउनलो पदकवाला (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), कॉलिंगवुडला. ओमीरा फ्रीमँटलला. गन्स्टन ब्रिस्बेनला. एका ऑक्टोबरात तिघे. स्वतः एकदा 'पाठवलेला' माणूस दुसऱ्यांना पाठवत होता, म्हणून कदाचित त्याला ते नीट जमलं असेल.

२०२३ मध्ये आम्ही १६वे. टॉम मिचेल त्याच वर्षी कॉलिंगवुडसोबत प्रीमियरशिप घेऊन मोकळा. आम्ही दात-ओठ खाल्ले. २०२४ ची सुरुवात सलग पाच पराभवांनी, आणि तरी फायनल्समध्ये पोचलो. यंदा प्रिलिमिनरी फायनल, म्हणजे उपांत्य सामना. गन्स्टन तर वर्षभरात घरी परतही आला. सांगायचा मुद्दा, माणूस गेला म्हणजे घर मोडतं असं नाही.

सन_८३ | १६ ऑक्टोबर, रात्री ११.२८

हेमंत, तुमच्या घरात भिंती होत्या. आमच्याकडे भिंतीच नाहीत, माणसं हलवून काय होणार?

हॉक_हेमंत | १६ ऑक्टोबर, रात्री ११.३०

हे मात्र खरं. झोपतो.

वानखेडेचा_वारकरी | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

पुण्याहून विचारतोय. हे आपल्या आयपीएलसारखंच झालं ना? हार्दिक गुजरातहून मुंबईत आला, रोहितकडून कप्तानी गेली, २०२४ मध्ये मुंबई इंडियन्स तळाला. ट्रेड करून वाटोळंच होतं असं माझं निरीक्षण.

बॉम्बरबंड्या | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.०२

वारकरी, थोडा फरक आहे. आयपीएलात मोठा लिलाव आला की निम्म्याहून जास्त संघ नवा उभा करता येतो. इथे लिलावच नाही. ड्राफ्टमधून आलेलं पोरगं तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात, आणि तोवर शनिवारी दुपारी धुलाई बघत बसायची. मुंबई पुढच्याच वर्षी प्लेऑफमध्ये होती. इथे 'पुढच्या वर्षी' हा शब्द दशकाच्या मापात वापरतात.

आर्डन_स्ट्रीटचा_अनाथ | १७ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

नॉर्थ मेलबर्न समर्थक. माझा प्रतिसाद छोटा आहे कारण जास्त लिहिलं तर ऑफिसात डोळे भरून येतात.

२०१६. पहिले नऊ सामने जिंकलो. हंगाम संपता संपता चार म्हाताऱ्यांना एकदमच नारळ दिला. त्यांत ब्रेंट हार्वी होता, ज्याच्या नावावर ४३२ सामने. तेही ट्रेड नव्हे, नुसताच नारळ. 'आता तरुणांना संधी.' त्या वर्षीची फायनल ही आमची आजवरची शेवटची फायनल.

२०२१ मध्ये तळाला जाऊन पहिल्या क्रमांकाची निवड मिळवली, हॉर्न-फ्रान्सिस नावाचं पोरगं घेतलं. एक हंगाम खेळलं आणि पोर्ट अ‍ॅडलेडला गेलं. त्या बदल्यात आलेल्या निवडींतून शीझेल आणि वॉर्डलॉ मिळाले, पोरं झकास आहेत. सामने मात्र २०२३ मध्ये तीन जिंकलो. २०२४ मध्ये तीन.

तुम्हाला पोरं हवीत? आमच्याकडे पोरंच पोरं आहेत.

जिलाँगचा_नाना | १७ ऑक्टोबर, दुपारी १२.४५

वरचं वाचून गंमत वाटली. आम्ही हा खेळ खेळतच नाही. तळाला जायचं, निवडी गोळा करायच्या, पाच वर्षं रडायचं, कशासाठी? आम्ही डेंजरफील्ड आणला, २०२० मध्ये जेरेमी कॅमरन आणला, गेल्या वर्षी बेली स्मिथ. सगळे तयार खेळाडू. २०२२ मध्ये प्रीमियरशिप, यंदा ग्रँड फायनल. जिलाँग तळाला कधी होतं ते आठवायला मला कपाटातले जुने पेपर काढावे लागतील. पक्का खेळाडू हातातून सोडायचाच नाही, उलट दुसऱ्याचा उचलायचा.

बॉम्बरबंड्या | १७ ऑक्टोबर, दुपारी १.१०

नाना, पण तो उचललेला खेळाडू तुमच्याकडे यायला तयार का होतो? कारण तुम्ही जिंकता. समुद्रकिनारी बंगला, शांत गाव, सप्टेंबरात सामने. तीस वर्षांचा मेरेट आमच्याकडून जायला निघालाय, आणि दुसरीकडचा तीस वर्षांचा आमच्याकडे कशाला येईल? श्रीमंताने गरिबाला 'गुंतवणूक कर रे' सांगावं तसं झालं हे.

जिलाँगचा_नाना | १७ ऑक्टोबर, दुपारी १.२२

बंगला सगळ्यांना नाही मिळत. हवा मात्र चांगली आहे.

पंट_रोड_प्रसाद | १७ ऑक्टोबर, रात्री ९.००

रिचमंड. बंड्या, तू जे मागतोयस ते आम्ही गेल्या वर्षी केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०१७, १९, २० अशा तीन प्रीमियरशिप. मग उतार. २०२४ मध्ये दोन सामने जिंकून तळाला. डस्टिन मार्टिन निवृत्त झाला. आणि ऑक्टोबरात दुकान उघडं ठेवलं: डॅनियल रिओली गोल्ड कोस्टला, शाई बोल्टन फ्रीमँटलला, लियम बेकर वेस्ट कोस्टला. जॅक ग्रॅहमही फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला) म्हणून वेस्ट कोस्टला गेला. सगळे प्रीमियरशिपवाले. बदल्यात ड्राफ्टच्या पहिल्या २५ मध्ये आमची सहा पोरं, सॅम लॅलर पहिल्या क्रमांकावर.

कागदावर हे फार देखणं दिसतं. मी तेव्हा ऑफिसात वहीत २०२८ चा संघ लिहून काढला होता.

आता राहून बघितल्यावर सांगतो. यंदा पहिल्याच सामन्यात कार्लटनला हरवलं तेव्हा आम्ही एमसीजीवर वेड्यासारखे नाचलो. ती चूक झाली, कारण मग अपेक्षा वाढल्या. अख्ख्या वर्षात जिंकलो पाच. जूनच्या थंडीत पाऊस, समोर आपली एकोणीस-वीस वर्षांची पोरं आणि त्यांना नुसतं आडवं पाडणारे तिशीतले बाप्ये. पोरांना बघून कीव येते. फूटी हा अंगाने खेळायचा खेळ आहे. त्या वयाच्या पोरावर दर आठवड्याला तो भार टाकला तर निम्मी पोरं डॉक्टरकडेच राहतात.

आणि एक गोष्ट जी निवडींच्या हिशोबात कुठेच लिहिलेली नसते. बेकरसारखा माणूस गेला की सरावाला सगळ्यात आधी येणारा गेला. पोरांना शिकवतं कोण? कोच सांगतो, पण शिकतात ती शेजारच्या लॉकरवाल्याकडून. ब्रिस्बेनने २०१७ मध्ये तळाला गेल्यावर काय केलं बघ. निवडी होत्याच, पण हॉथॉर्नहून ल्यूक हॉज आणला, तेहतिशीचा. दोन वर्षं खेळला. लोक हसले होते. २०१९ मध्ये ब्रिस्बेन तक्त्यात दुसरं, आणि आता लागोपाठ दोन प्रीमियरशिप. सगळं श्रेय हॉजला देण्याइतका मी खुळा नाही, पण तोडून विकायचं असेल तर एक खांब ठेवूनच.

सन_८३ | १७ ऑक्टोबर, रात्री ९.४०

प्रसादला जोरदार अनुमोदन. १९९३ आठवा. 'बेबी बॉम्बर्स' म्हणून सगळे पोरांची नावं घेतात. हर्ड, मर्क्युरी, मिसिटी. डस्टिन फ्लेचर तर शाळेत होता हो, बारावीला! पण कर्णधार कोण? मार्क थॉम्प्सन. आणि कोच शीडीने टिम वॉटसनला चक्क निवृत्तीतून उठवून आणलं. पोरं धावली, म्हाताऱ्यांनी धरून ठेवलं, प्रीमियरशिप आली. आपल्या जुन्या मैदानावर, विंडी हिलला, नेपियर स्ट्रीटवर त्या रात्री मी जे पाहिलं ते परत दिसावं एवढीच इच्छा आहे. डॉक्टर म्हणतात तब्येत चांगली आहे, त्यामुळे घाई नाही.

हिशेबनीस | १८ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

भावना बाजूला ठेवून चार आकडे.

एक, क्लबला पगाराच्या मर्यादेच्या किमान ९५ टक्के खर्च करावेच लागतात. सगळे महागडे विकले तरी पैसे वाचत नाहीत. मग राहिलेल्यांना जास्त द्या, किंवा पुढचे पगार आधी द्या. त्यामुळे 'ट्रेड करून पैसा मोकळा' हे अर्धसत्य.

दुसरं महत्त्वाचं. मेरेटचा करार २०२७ ला संपेल तेव्हा तो बत्तीस वर्षांचा फ्री एजंट असेल. म्हणजे एसेंडनला न विचारता जाईल. भरपाईची निवड मिळते, पण ती वय आणि नव्या पगारावर ठरते, आणि बत्तिशीच्या माणसाची भरपाई ती किती असणार? आज दोन, उद्या जवळपास शून्य.

आणि टास्मानियाचा नवा क्लब २०२८ मध्ये लीगमध्ये येतोय. त्याआधीच्या ड्राफ्टमध्ये वरच्या निवडींचा मोठा वाटा त्यांच्याकडे जाणार. पुढच्या वर्षी विकू असं म्हणणाऱ्यांना तेव्हा मिळणारी निवड आजच्या निवडीइतकी दमदार नसेल. विकायचं तर याच ऑक्टोबरात होतं. मेलबर्न क्लबने तेच केलं ना: पेट्राका गोल्ड कोस्टला देऊन पहिल्या फेरीच्या निवडी घेतल्या, आणि ऑलिव्हरला तर पगाराचा वाटा स्वतः उचलून जीडब्ल्यूएसला पाठवलं. दोघेही २०२१ च्या प्रीमियरशिपचे. ५७ वर्षांनी आलेल्या प्रीमियरशिपचे!

बॉम्बरबंड्या | १८ ऑक्टोबर, सकाळी १०.५५

हेच मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. आणि डॅनिहर विसरलात का सगळे? २०१९ मध्ये जो डॅनिहरने सिडनीला जायचं म्हटलं. आपण नाही म्हटलं, छाती फुगवून. पुढच्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने खेळून फ्री एजंट म्हणून ब्रिस्बेनला गेला. २०२४ मध्ये प्रीमियरशिप जिंकला आणि काही दिवसांतच निवृत्त. ताठ मानेचं बक्षीस.

हिशेबनीस | १८ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

बंड्या, थांब. मी फक्त किंमत सांगितली. घ्यायचं की नाही ते सांगितलेलं नाही.

डॅनिहर आणि साड गेले त्या २०२० च्या ड्राफ्टमध्ये एसेंडनकडे ८, ९ आणि १० अशा सलग तीन निवडी होत्या. दोन त्या दोघांच्या बदल्यातल्या, एक स्वतःची. कुठल्याही क्लबला हेवा वाटावा असं ताट. निक कॉक्स, आर्ची पर्किन्स, झॅक रीड. पाच वर्षं झाली. पर्किन्स खेळतो. बाकीच्या दोघांची कारकीर्द मुख्यतः दुखापतींच्या यादीत वाचायला मिळाली. २०१६ मध्ये उत्तेजकांच्या प्रकरणात क्लबच्या ३४ आजी-माजी खेळाडूंवर बंदी होती त्या वर्षी तळाला जाऊन पहिल्या क्रमांकाने मॅकग्रा मिळाला, भला खेळाडू, पण त्यानंतरही फायनल जिंकलेली नाहीच.

आता मेरेट. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो कितवा? सव्वीसावा. म्हणजे क्लबचा या काळातला सगळ्यात मोठा खेळाडू हा दहातला नव्हताच.

तुझ्या हिशोबात 'निवड = बावीस वर्षांचा तयार खेळाडू' असं समीकरण आहे. जिलाँगमध्ये ते बरोबर असेल. एसेंडनच्या टुलामरीनमध्ये ते आजवर कितीदा खरं ठरलंय?

बॉम्बरबंड्या | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.१०

जेवून आलो. उत्तर शोधत होतो, सापडलं नाही.

ठीक आहे. मी 'विका' म्हणत होतो ते निवडींच्या मोहाने, हे कबूल. हेमंतच्या क्लबने विकलं आणि वर आला, अनाथच्या क्लबने म्हाताऱ्यांना घालवलं आणि बुडाला. नानांनी विकलंच नाही. फरक विकण्यात नाहीच बहुधा. पोरगं दारात आल्यावर पुढची तीन वर्षं त्याचे पाय, स्नायू, डोकं कोण सांभाळतं, यात आहे. ते जमत नसेल तर दोन निवडी घ्या नाहीतर वीस.

तरीही मेरेटबाबत माझं मत बदललेलं नाही, फक्त कारण बदललं. २०१६ मध्ये संघातले डझनभर खेळाडू बंदीत असताना हे पोरगं क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरलं होतं. तेव्हापासून खेचतोय. एकही फायनल जिंकलेला नाही. प्रसाद म्हणतो तसा खांब हवा, पण ज्याला तिथे उभंच राहायचं नाही त्याला खांब म्हणायचं का? जाऊ द्यावं असं मला वाटतं ते त्याच्यासाठी.

सन_८३ | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

त्याच्यासाठी ठीक. पण हॉथॉर्नला नाही.

पंट_रोड_प्रसाद | १८ ऑक्टोबर, दुपारी ३.४५

काका, तुम्ही एकाच मुद्द्यावर ४२ वर्षं टिकून आहात. एसेंडनच्या बचावफळीत तुम्हालाच घ्यायला हवं होतं.

क्रेगीबर्नची_मावशी | १८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.२०

मला आता सगळं कळलं, एक सोडून. जायला निघालेल्याला करार दाखवून थांबवलं तर तो मनापासून खेळतो का?

हॉक_हेमंत | १८ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४०

मावशी, मेरेट खेळेल. तसाच माणूस आहे तो. म्हणूनच आम्हाला हवा होता. पुढच्या ऑक्टोबरात परत फोन करू.

बॉम्बरबंड्या | १९ ऑक्टोबर, रात्री ८.१५

आता घरगुती प्रश्न, जाणकारांनी मदत करावी. लेकीच्या जंपरवर (क्लबच्या जर्सीवर) पाठीला ७ नंबर आहे, मेरेटचा. गेल्या वाढदिवसाला शिवून घेतला होता. काल ती म्हणाली, बाबा, हा काढायचा का? बायको म्हणते उसवला तर कापडावर खूण राहील, दुसरा आकडा बसवला तरी दिसेल. नवा जंपर घ्यायचा तर किंमत बघून घाम फुटतो. अँझॅक डेला कॉलिंगवुडच्या सामन्याला हाच घालून जायचंय.

सन_८३ | १९ ऑक्टोबर, रात्री ८.३२

उसवू नकोस. करार २०२७ पर्यंत आहे, तोवर पोरगी तशीही त्या जंपरात मावणार नाही.